तिची नाडी मोजायची राहिली

डाक वाटताना मला हृदयाचा झटका आला तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो. साखऱ्याच्या पोस्टात मी डाकसेवक. पिशवी मोटरसायकलला अडकवून आसपासची चार गावं आणि तीन तांडे रोज फिरायचे, हे काम मी तिशी गाठायच्या आधीपासून करत आलो. चैत्रातली दुपार होती. एका तांड्याचा चढ उतरून आलो आणि डावा हात खांद्यापासून जड झाला. जबडा दुखायला लागला. मी गाडी स्टँडवर लावली, डाकेची पिशवी मांडीवर घेतली आणि एका बाभळीखाली बसून राहिलो. शाळेचे एक मास्तर त्या वाटेनं आले म्हणून मी आज हे लिहितो आहे. त्यांनी मला सेनगावला नेलं, तिथून हिंगोली, हिंगोलीहून ॲम्ब्युलन्सनं नांदेड. तिथे रक्तवाहिनीत जाळी बसवली.

दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. तरुण डॉक्टर होते, बोलायला शांत. मी मान हलवत होतो, पण ऐकत होती ती माझी बायको. ती सातवीपर्यंत शिकलेली. घरी शिलाई मशीनवर गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. डॉक्टर एकेक पाकीट उचलून दाखवत होते आणि ती त्यावर आपल्या पिशवीतल्या खडूनं खुणा करत होती, कापडावर करतात तशा. त्यातल्या एका लहान पांढऱ्या गोळीपाशी डॉक्टर थांबले. ही बीटा ब्लॉकर, म्हणाले. ही हृदयाला सावकाश चालायला लावते, म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. यांना घाबरू द्यायचं नाही. ठोके कमी होतील, पन्नासपर्यंत आले तरी घाबरायचं नाही. पण पंचेचाळीसच्या खाली गेले किंवा चक्कर आली तर मला फोन करायचा. आणि आपल्या मनानं ही गोळी एक दिवसही बंद करायची नाही.

बायकोनं विचारलं, "मोजायचं कसं?"

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं. नर्सनं तिची दोन बोटं धरून माझ्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवली. बायको बराच वेळ चाचपडत होती. मग एकदम तिचा चेहरा बदलला. सापडली, म्हणाली.

त्या दिवसापासून सकाळची माझी नाडी तिच्या ताब्यात गेली. मी उठलो की तिथेच बाजेवर बसवायची, बोलायचं नाही, चहा प्यायचा नाही. समोर भिंतीवर घड्याळ. पूर्ण एक मिनिट ओठ हलवत मोजायची. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायची. पन्नास. बावन्न. अठ्ठेचाळीस. लोकांच्या घरी त्या चौकटीत दुधाचं लिहितात, आमच्या घरी माझं हृदय लिहिलेलं असायचं. सेहेचाळीस आले की ती मला पुन्हा दहा मिनिटं आडवं करायची आणि परत मोजायची.

सावकाश चालणाऱ्या हृदयाची सवय व्हायला मला वर्ष लागलं. हातपाय थंड पडायचे. होळी झाली तरी मी लोकरीचे मोजे घालून झोपायचो. बाजेवरून झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून आधी पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं, हे तिनं मला लेकराला शिकवावं तसं शिकवलं. तांड्याचा चढ पूर्वी एका दमात व्हायचा, आता मध्ये गाडी थांबवावी लागे. पण सगळ्यात विचित्र होतं ते वेगळंच. एकदा गाडीच्या चाकापुढून नाग आडवा गेला. मी ब्रेक दाबला, गाडी कलली, पाय टेकला. नाग गेला. आणि माझ्या छातीत काहीच झालं नाही. डोक्याला कळत होतं की आपण भ्यालो आहोत, हाताला घाम होता, पण आत हृदय आपलं पहिल्यासारखंच टुक टुक चाललं होतं. घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, चांगलंच हाय की, आता तुमाला कशाचंच भ्या न्हाई.

मी त्या गोळीला नावं ठेवायचो. हिच्यानं अंगात जीव राहत नाही, आपण निम्मेच जगून राहिलो असं वाटतं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. गावातले लोकही पोस्टात आले की आधी विचारायचे, आज किती? मी आकडा सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खबरा पोचवल्या, आता माझी खबर लोक विचारत होते. घरात जेवण माझ्या हिशेबानं, मीठ माझ्या हिशेबानं, टीव्हीचा आवाज माझ्या हिशेबानं. मुलीचा परभणीहून फोन आला की तिचीही पहिली चौकशी तीच. बाबांचे किती आले आज? आईला तू कशी आहेस, हे ती शेवटी विचारायची, आणि आई म्हणायची, मला काय धाड भरली.

आता मागे वळून बघतो तर सगळं तिथेच होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

पहिलं म्हणजे मशीन. पायानं चालवायची मशीन, तिच्या माहेराहून आलेली. तिचा पाय त्यावर पडला की घरभर तो आवाज असायचा. तो आवाज हळूहळू तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. थोडं चालवायची, थांबायची. मी विचारलं तर म्हणाली, गुडघा धरतो. मग एक दिवस मशीनवर तिनं चादर टाकली आणि पोलकी घेऊन येणाऱ्या बायकांना परत पाठवायला लागली. मला वाटलं, बरं झालं, आता दुपारी आवाज नाही.

मग उशी. ती एक उशी घ्यायची, एकीच्या दोन झाल्या. मग भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागली. म्हणाली, आडवं झालं की घसा दाटतो. हंडा भरून आणताना ओट्यावर टेकवायची आणि शेजारणीशी बोलत उभी राहायची. पुसेगावला तिच्या माहेरी एका लग्नाला गेलो, तर बसस्टँडपासून घरापर्यंतच्या वाटेत ती पाच ठिकाणी थांबली. प्रत्येक ठिकाणी कुणाला ना कुणाला काहीतरी विचारलं. म्हैस व्याली का, सून कुठली केली. मी पुढे जाऊन वैतागून उभा. हिला माहेरची माणसं दिसली की तोंड आवरत नाही, असं मी तिच्या भावाला म्हणालोसुद्धा.

आणि जोडवी. एके दिवशी तिच्या पायात जोडवी नव्हती. लग्नापासून ती कधी काढलेली मी पाहिली नव्हती. विचारलं, तर म्हणाली, रुतून राहिली, बोटं सुजली थोडी, उतरली सूज की घालते. मी म्हणालो, मीठ कमी खा. माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं आणि डाकेची पिशवी घेऊन निघून गेलो.

एक सकाळ मात्र मला विसरता येत नाही. तिनं माझी नाडी मोजून कॅलेंडरात पन्नास लिहिलं. मी चेष्टेच्या लहरीत होतो. म्हटलं, आण इकडं हात, आज मी तुझी बघतो. ती नको नको म्हणत होती. मी हात धरलाच. दोन बोटं ठेवली आणि मोजायला लागलो, पण मोजता येईना. सुपात ज्वारी पाखडताना दाणे उडतात तसे ते ठोके. दोन लगेलगे, मग एक चुकलेला, मग चार. शंभराच्या पुढे गेल्यावर माझा मेळ सुटला, मिनिट अजून संपलं नव्हतं.

मी हसून म्हणालो, "तू तर माझ्या वाटचे बी ठोके घेऊन राहिली."

तीही हसली. चहा उतू चालला म्हणून हात सोडवून घेतला. आणि ती चेष्टा मी पुढे पोस्टातही सांगितली. आमच्या घरात दोन माणसांचे ठोके मिळून बरोबर होतात, मला कमी, तिला जास्त. लोक हसले.

दिवाळीला मुलगी आली. तिनं आईचे पाय पाहिले आणि अंगठ्यानं नडगीवर दाबलं. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला. तिनं मला अंगणात बोलावून सांगितलं की आईला दाखवा. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात माझी नांदेडची तारीख आहे, तेव्हा तिलाही त्याच डॉक्टरांना दाखवू, एका खेपेत दोन्ही कामं होतील. मुलीला ते पटलं. मलाही आपण शहाणपणाचं बोललो असं वाटलं.

पुढच्या महिन्यात आम्ही नांदेडला गेलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. मी आपला सवयीनं सावकाश जिना चढून वर गेलो आणि नंबर लावला. मागे पाहिलं तर ती नव्हती. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली, पदर तोंडाला लावून खोकत होती. ओठ निळसर दिसत होते. मला वाटलं, शाईसारखं काही लागलंय.

डॉक्टरांनी माझी फाईल उघडली आणि वर पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फाईल मिटली. काकू, तुम्ही इथे बसा, म्हणाले. तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग मला विचारलं, "काका, यांना दम कधीपासून लागतो?"

माझ्या पिशवीत दोन वर्षांची कॅलेंडरं होती, डॉक्टरांना दाखवायला आणलेली. माझे कुठल्या तारखेला किती ठोके होते ते मी सांगू शकलो असतो. तिचं मला काहीच सांगता आलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, झाला आसल दीड साल.

डॉक्टरांनी तिला विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? ती म्हणाली, व्हय, बारा वर्षांची होते. चार महिने बाजेवर होते. म्हणून तर शाळा सुटली.

आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. सातवीनंतर तिची शाळा का सुटली, हे मी कधी विचारलं नव्हतं. मुलीची जात, बापानं सोडवली असेल, असं मी गृहीत धरून चाललो होतो.

त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप हळूहळू अरुंद होत गेली होती. इकोच्या मशीनवर तपासून डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. फुगा घालून झडप मोकळी करता येते, पण हृदयात एका कोपऱ्यात रक्ताची गाठ दिसते आहे. ती असताना फुगा घातला तर गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून आधी सहा आठवडे रक्त पातळ करायच्या गोळ्या, गाठ विरली की फुगा. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, आता आणलंय ना, आता इथून पुढचं बघू.

मग त्यांनी तिच्या चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहिली. यांचं हृदय इतकं पळतंय की त्याला भरायला वेळच मिळत नाही, म्हणाले, ही गोळी तो वेळ देईल. खाली मेडिकलवर तिनं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. रंग, चांदीचा कागद, तीच लहान पांढरी गोळी.

"आवं," ती म्हणाली, "ही तर तुमचीच गोळी हाय."

तिला त्याचा आनंदच झाला होता. ज्या गोळीला मी दोन वर्षं शिव्या देत होतो, ती बायको रोज मला आपल्या हातानं द्यायची, आणि तिच्याच हृदयाला त्या गोळीची गरज होती. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं तिथेच, रस्त्यावर, माझा हात धरून मोजायला सुरुवात केली. मी हात काढून घेतला.

पुढचे चार आठवडे मी तिची नाडी मोजली. पहिल्या दिवशी एकशेआठ, तेही अंदाजे, कारण ते ठोके कधी सरळ चालले नाहीत. मग शंभर, शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी. कॅलेंडरात चौकटी लहान, म्हणून मी वर माझा आकडा लिहायचो आणि खाली तिचा. पायाची सूज उतरली. ती पुन्हा दोन उशांवर झोपायला लागली. मी रजा टाकली होती. भाकरी करायला बसलो, तर भाकरी गोल होईना, तव्यावर टाकताना मोडायची. ती बाजेवर बसून सांगायची, पाणी कमी, हात वला करा, आता थापा. आणि बोलायची. इतकं ती माझ्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती, किंवा मी ऐकलं नव्हतं. तापात पडलेली असताना बरोबरच्या पोरी तिच्या घरावरून शाळेत जायच्या, त्यांच्या पावलांवरून ती कोण चालली ते ओळखायची. तिच्या वडलांनी तिला दोन महिने कडेवर उचलून बाहेर नेलं, बारा वर्षांच्या पोरीला. बरी झाली तेव्हा वर्गात तिच्या जागेवर दुसरी बसली होती, मग हीच गेली नाही. पोलकी शिवायला शिकली.

एका सकाळी मी विचारलं, "तुला इतका दम लागत होता, सांगितलं काहून न्हाई?"

ती म्हणाली, "तुमाला सांगितलं आसतं तर तुमी घाबरले आसते. तुमाला घाबरू द्यायचं न्हाई म्हणून डॉक्टरनं सांगितलं व्हतं ना."

मी भाकरीचं पीठ मळत राहिलो.

फुग्याच्या तारखेला बारा दिवस उरले होते. पौषातली सकाळ, चांगलं ऊन पडलं होतं. आदल्या दोन दिवसांपासून तिला बरं वाटत होतं, म्हणून माझं न ऐकता चहा तिनं केला. कप घेऊन बाहेर आली आणि उजव्या हातातून कप गळून पडला. ती खाली फुटलेल्या कपाकडे बघत होती. मी म्हटलं, राहू दे, मी उचलतो. ती काहीतरी बोलली, पण ते शब्द नव्हते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिला कळत होतं की आपलं बोलणं बिघडलंय. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड झाकलं.

शेजाऱ्यानं जीप काढली. सेनगाव, हिंगोली, पुन्हा नांदेड. सगळ्या वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझी दोन बोटं तिच्या मनगटावर. मी मोजत होतो. दुसरं काही मला करता येत नव्हतं. शहात्तर. तिचा इतका चांगला आकडा कधीच आला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, गोळ्या चालू असतानाही असं होऊ शकतं, यात कुणाची चूक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला गावी आणलं. अंगण माणसांनी भरलं. तिची बहीण आली, मुलगी आली, दोघींनी हंबरडा फोडला. मी मध्ये उभा होतो आणि माझ्या छातीत काहीच होत नव्हतं. मला आठवतं, माझं लग्न ठरलं तेव्हा, मुलगी झाली तेव्हा, आई गेली तेव्हा माझं हृदय कानात ऐकू येईपर्यंत वाजलं होतं. आता तिला तिरडीवर बांधत होते आणि ते आपल्या चालीनं चाललं होतं. मी सदऱ्याच्या बाहीखाली गुपचूप बोटं लावून पाहिली. बावन्न. घरात कुणी मेलेलं नाही असा आकडा. डोळ्यांतही पाणी येईना. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस हाय. तिची बहीण नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, ते मला जास्त लागलं.

तेराव्याची माणसं पांगली. मुलगी भिंतीजवळ उभी राहून ते कॅलेंडर बघत होती. मागची पानं उलटली. पानामागून पान माझेच आकडे. पार शेवटच्या महिन्यात खाली आईचे.

"बाबा," ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "आई रोज तुमच्या शेजारी बसून मोजत व्हती. तिला दम लागून राहिला, हे तुमाला ऐकू बी आलं न्हाई?"

ती संध्याकाळच्या बसनं परभणीला गेली. पोचल्याचा फोन तिनं केला नाही. मी केला तर जावयानं उचलला.

त्यानंतर मी जे केलं ते कुणी करू नये. मी ती गोळी बंद केली. मरायचं मनात नव्हतं, हे खरं सांगतो. मला फक्त एकदा माझं हृदय धडधडायला हवं होतं. तिच्यासाठी ते एकदाही पळालं नाही, ही गोष्ट मला खाऊन राहिली होती. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं. चौथ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना ते सुरू झालं. छाती उडायला लागली, कानशिलं ठणकायला लागली. मी केरसुणी ठेवून पायरीवर बसलो आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं रडलो. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग तोच डाव्या हाताचा जडपणा खांद्यातून खाली उतरायला लागला.

माझ्या रडण्यानं शेजारी धावत आला म्हणून वाचलो. त्यानं पुन्हा जीप काढली. महिन्याभरात दुसऱ्यांदा. हिंगोलीच्या दवाखान्यात माझ्या छातीला तारा लावल्या, नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. इतके शांत डॉक्टर, पण फोनवर ते माझ्यावर ओरडले. ही गोळी अशी एकदम सोडली की हृदय बेफाम उलटतं, तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हणालो, ते तिला सांगितलं होतं.

दुपारी मुलगी आली. पलंगाजवळच्या स्टुलावर बसली, पण हात लावला नाही. गोळी का बंद केली, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिरडीपाशी नाडी पाहिल्याचं सांगितलं. मशीनचं, उशांचं, जोडव्यांचं, पुसेगावच्या वाटेचं. तिचा हात धरून मी केलेली चेष्टा सांगितली आणि ती पोस्टात सांगून लोकांना हसवलं, तेही. काही ठेवून घेतलं नाही. मला वाटलं, ऐकून ती उठून जाईल आणि ते बरोबरच होईल.

ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "दिवाळीत खड्डा माझ्या अंगठ्यानं पडला व्हता, बाबा. तुमी एका खेपेचं म्हणले आन् मी व्हय म्हणले. मीच तिला घेऊन गेले आसते दुसऱ्या दिवशी. मला परत जायची घाई व्हती."

मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, आसं नका म्हणू, तुमी म्हणल्यानं ते व्हत न्हाई. बाजूच्या पलंगाजवळ बसलेली बाई संत्रं सोलत होती, तिनं दोन फोडी आमच्यापुढे धरल्या. मुलीनं एक घेतली, एक मला दिली.

ती आठ दिवस माझ्याजवळ राहिली. तिनं माझी नाडी मोजली नाही, मी मोजायलाही लावली नाही. आता डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे, ठोके अठ्ठावन्न-साठ असतात, पाय पूर्वीइतके थंड पडत नाहीत. ती दर रविवारी फोन करते. आमचं बोलणं फार लांबत नाही. आईचं नाव निघालं की दोघांतलं कुणीतरी पावसाचं नाहीतर नातवंडाच्या शाळेचं काढतं. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

फाल्गुनात मी कामावर परत गेलो. पहिल्याच आठवड्यात एका तांड्यावर आधार कार्डाचं पाकीट द्यायचं होतं. घरी एक म्हातारी एकटीच होती, दारात बसून चिंचा फोडत होती. बरेच दिवस आला नाहीस, म्हणाली. तिच्यापर्यंत खबर पोचली नव्हती. पाकीट घेतलं, अंगठा दिला आणि सहज विचारलं, "तुझी बायको बरी हाय ना?"

गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हे मला आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई माय. ती वारली. पौषात."

म्हातारीनं हातातला दगड खाली ठेवला. कशानं, म्हणाली. मी सांगायला लागलो आणि थांबता येईना. माझं सांगून संपलं तेव्हा तिनं चिंचोक्यांचं सूप बाजूला सारून ओट्यावर जागा केली.

"बस," म्हणाली. "ऊन उतरू दे, मग जा."

मी बसलो. तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा चिंचा फोडायला लागली. त्या दिवशी दोन गावांची डाक माझ्या पिशवीतच होती. ती मी दुसऱ्या दिवशी वाटली.